विश्लेषण : तिकिटात सवलत, पण वाट पायऱ्यांचीच! ज्येष्ठ आणि अपंगांसाठी पर्यटन सुगम का होत नाही?

शिवछत्रपतींच्या काळातील मराठा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. यादीतील १२ पैकी ११ किल्ले महाराष्ट्रातील आहेत. साहजिकच पर्यटकांचा ओघ वाढणार, रस्ते, वाहनतळ, माहिती केंद्रे यांवर खर्च होणार. मात्र सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या किंवा व्हीलचेअरवर असलेल्या मराठी माणसाने हा वारसा पाहायचा कसा, या प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. प्रवासभाड्यात सवलत देण्यात राज्य मागे नाही. प्रत्यक्ष स्थळी पोहोचण्याची, तिथे फिरण्याची आणि सन्मानाने परतण्याची सोय मात्र अनेक ठिकाणी अपुरी आहे. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याविषयी...

सुगम पर्यटन म्हणजे नेमके काय?

वय, अपंगत्व किंवा आजारपण यांमुळे हालचालींवर, दृष्टीवर, ऐकण्यावर किंवा आकलनावर मर्यादा आलेल्या व्यक्तीलाही इतरांप्रमाणे प्रवास करता यावा, स्थळ पाहता यावे, मुक्काम करता यावा, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे सुगम पर्यटन. जागतिक पर्यटन संघटनेने २०१६ च्या जागतिक पर्यटन दिनासाठी ‘सर्वांसाठी पर्यटन’ हाच विषय निवडला होता. २०२१ मध्ये सुगम पर्यटनासाठी आयएसओ २१९०२ हे आंतरराष्ट्रीय मानकही प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे सुगमता म्हटले की डोळ्यांसमोर व्हीलचेअर आणि उतरण एवढेच येते. प्रत्यक्षात गरजा वेगवेगळ्या असतात. अंध व्यक्तीला हाताने स्पर्श करून समजेल अशी प्रतिकृती किंवा ध्वनिफीत हवी असते. कर्णबधिर व्यक्तीला सांकेतिक भाषेतील चित्रफीत किंवा निदान लिखित माहिती लागते. स्वमग्न मुलाला गर्दी आणि गोंगाट यांपासून दूर, शांत कोपरा हवा असतो. ज्येष्ठांना दर शंभर-दोनशे पावलांवर बसायला बाक, हाताला धरायला कठडा आणि जवळ स्वच्छतागृह असले तरी निम्मी अडचण दूर होते. यातील बऱ्याच गोष्टींना मोठे बांधकाम लागत नाही.

ही गरज किती जणांची?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी, म्हणजे दर सहा व्यक्तींमागे एक व्यक्ती लक्षणीय अपंगत्वासह जगते. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार अपंगांची संख्या २.६८ कोटी होती. महाराष्ट्रात ती सुमारे २९.६ लाख होती. मात्र तेव्हा अपंगत्वाचे मोजकेच प्रकार गृहीत धरलेले होते. २०१६ च्या कायद्याने ही यादी २१ प्रकारांपर्यंत वाढवली. त्यामुळे जुना आकडा वास्तवापेक्षा कमीच म्हणावा लागेल.

दुसरा मोठा गट ज्येष्ठांचा. २०११ मध्ये देशात साठ वर्षांवरील नागरिक १०.३८ कोटी होते. केंद्राच्या लोकसंख्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत ही संख्या सुमारे २२.७ कोटींवर जाईल. यातील बहुतेक जण स्वतःला अपंग म्हणवून घेणार नाहीत, त्यांच्याकडे तसे प्रमाणपत्रही नसेल. तरीही चाळीस पायऱ्या चढताना त्यांना लागणारी मदत तीच आहे. याखेरीज गर्भवती, शस्त्रक्रियेनंतर सावरणारे रुग्ण, कडेवर मूल घेतलेले पालक यांनाही उतरण आणि कठडा उपयोगी पडतो. म्हणजे ही सोय मूठभरांसाठी करायची आहे, हा समजच चुकीचा आहे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. लोकांचा वावर असलेली कोणतीही सरकारी वा खासगी इमारत त्यात ‘सार्वजनिक इमारत’ ठरते. धार्मिक, सांस्कृतिक आणि मनोरंजनाच्या वास्तू, रेल्वे स्थानके, बस स्थानके, विमानतळ यांचा व्याख्येत उल्लेख आहे. त्यामुळे देवस्थान, संग्रहालय किंवा हॉटेल यांना हा कायदा आपल्यासाठी नाही असे म्हणता येत नाही.

कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या बांधकामाला परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र देता येत नाही. कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत २०२२ मध्येच संपली. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे. केंद्राने ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ही सुरू केले होते. इमारती, वाहतूक आणि माहिती तंत्रज्ञान ही त्याची तीन अंगे.

सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप का करावा लागला?

दृष्टिहीन असलेले राजीव रतुरी यांनी सार्वजनिक ठिकाणी सुरक्षित वावर मिळावा यासाठी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये न्यायालयाने सविस्तर निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी समाधानकारक झाली नाही. त्यानंतर हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठातील अपंगत्व अध्ययन केंद्राकडून अहवाल मागवण्यात आला आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय पीठाने महत्त्वाचा निकाल दिला.

२०१७ च्या नियमांतील नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले. कायदा सुगमता बंधनकारक करतो, नियमात मात्र मार्गदर्शक तत्त्वांची जंत्री आहे. मार्गदर्शक तत्त्वे पाळली तर उत्तम, न पाळली तरी चालते, अशी सोयीची पळवाट त्यातून तयार झाली होती. कोणत्या किमान गोष्टी सक्तीच्या आहेत हे वेगळे काढून तीन महिन्यांत नियम करावेत, असे न्यायालयाने केंद्राला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. आज तिकिटापासून खोलीपर्यंत सारे मोबाइलवरून आरक्षित होते. त्यामुळे अंध व्यक्तीचे स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर ज्या संकेतस्थळावर चालत नाही, तिथे तिची सहल घराबाहेर पडण्याआधीच अडते.

सवलती भरपूर आहेत, मग अडते कुठे?

राज्यात २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. २०२३ पासून महिलांनाही निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आली. अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या साठ वर्षांवरील नागरिकाला तीत ३० हजार रुपयांपर्यंत लाभ मिळतो आणि पंचाहत्तरीपुढच्यांना सोबत सहायक नेता येतो. या योजनांमुळे अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गाव सोडून दूरचे देवस्थान पाहिले, हे नाकारता येणार नाही.

पण सवलत भाड्याचा प्रश्न सोडवते, एसटीच्या उंच पायरीचा नाही. मोफत तिकीट हातात असूनही ती पायरी चढण्यासाठी वाहकाचा किंवा सहप्रवाशाचा हात धरावा लागतो. तीर्थदर्शन योजनेतही लाभार्थी प्रवासासाठी शारीरिकदृष्ट्या सक्षम असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे, पण तिचा अर्थ असा होतो की ज्यांना सोयीची सर्वाधिक गरज आहे तेच योजनेतून गळण्याची शक्यता अधिक.

रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. अपंगांच्या ठरावीक प्रवर्गांना आणि त्यांच्या सोबत्याला ती मिळते. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा कोटा आहे. मात्र या वयातील एक किंवा दोनच प्रवासी एका तिकिटावर असतील तरच तो लागू होतो. घरातल्या पाच-सहा जणांचे एकत्र तिकीट काढले की आजी-आजोबांचा हा हक्क जातो आणि मग गाडीत ‘जरा खालची जागा देता का’ अशी विनवणी करावी लागते. ही अट अनेकांना माहीतच नसते.

विमान प्रवासात मदत मिळते, पण तिचीही खात्री नसते. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर अपंग मुलाला विमानात चढू न दिल्याबद्दल एका विमान कंपनीला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ५ लाख रुपये दंड केला. त्यानंतर डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय अशा प्रवाशाला नाकारता येणार नाही, अशी सुधारणा करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर व्हीलचेअर कमी पडल्याने ८० वर्षांचा प्रवासी पत्नीच्या व्हीलचेअरसोबत चालत निघाला आणि कोसळून मरण पावला. त्या प्रकरणात दुसऱ्या एका कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवलेली असूनही हे घडले.

प्रवास ही साखळी असते. घर ते स्थानक, स्थानक ते गाव, गावातले हॉटेल, हॉटेलातले स्नानगृह, स्थळाचे प्रवेशद्वार आणि तिथले स्वच्छतागृह. यातील एक कडी तुटली तर बाकीच्या सगळ्या असून नसल्यासारख्या होतात. प्रत्येक कडी वेगळ्या खात्याच्या किंवा मालकाच्या ताब्यात असल्याने संपूर्ण साखळीची जबाबदारी मात्र कुणाचीच नसते.

महाराष्ट्रातील प्रमुख स्थळांची स्थिती कशी आहे?

चित्र संमिश्र आहे. वणीच्या सप्तशृंगगडावर सुमारे ५०० पायऱ्या चढू न शकणाऱ्या भाविकांसाठी २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे. तो नसता तर हजाराहून अधिक पायऱ्यांचा हा गड असंख्य ज्येष्ठांना कधीच पाहता आला नसता. मात्र रोपवेतून उतरल्यावर राजसदर, होळीचा माळ, जगदीश्वर मंदिर आणि महाराजांची समाधी इथपर्यंतची वाट पायऱ्यांची आणि दगडगोट्यांची आहे. म्हणजे माणूस गडावर पोहोचतो, पण गड पाहू शकेलच असे नाही.

वारसा यादीतील किल्लेही सारखे नाहीत. पन्हाळ्यावर गावच वसलेले असल्याने वाहन थेट वर जाते. तिथे थोडक्या खर्चात बरेच साधता येईल. सिंधुदुर्गसाठी मालवणहून होडीने जावे लागते आणि हलत्या होडीत चढणे-उतरणे हाच मोठा अडथळा असतो. राजगड किंवा साल्हेरसारख्या दुर्गम गडांवर सर्वांना नेणे शक्यही नाही आणि तशी कुणाची मागणीही नाही. तिथे पायथ्याला प्रतिकृती, चित्रफीत, स्पर्शनकाशा असलेले चांगले केंद्र हा मार्ग आहे.

घारापुरीला होडीतून उतरल्यावर लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. अजिंठ्यात वाहनतळापासून बसची सोय आहे, पण पुढे पायऱ्या चढाव्या लागतात. न चालू शकणाऱ्यांसाठी डोली हाच आधार. वेरूळचे कैलास लेणे त्या मानाने रस्त्यालगत आहे आणि खालचा भाग पाहणे सोपे जाते. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तिथेही डोलीवाल्यांच्या खांद्यावरच भिस्त. डोली ही अनेकांची रोजीरोटी आहे आणि तिचा मान ठेवायलाच हवा. पण दुसऱ्याच्या खांद्यावर बसून जाण्याचा संकोच वाटून कित्येक जण पायथ्यालाच थांबतात, हेही खरे.

वारशाला धक्का न लावता हे शक्य आहे का?

संरक्षित स्मारकांबाबत हा आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो गैरलागू नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारके कायद्यानुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, तर पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. उतरणीचे गणितही सोपे नाही. १:१२ हा सर्वसाधारण कमाल उतार मानला जातो. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीसाठी १ मीटर ८० सेंटीमीटर लांबीची उतरण लागते. घारापुरीसारख्या चढणीवर ती बांधायची तर डोंगरच कापावा लागेल.

मात्र काढता येण्याजोगी लाकडी वा धातूची उतरण, मूळ दगडाला खिळा न मारता बसवलेला कठडा, सपाट केलेली एक तरी वाट, हे मार्ग उपलब्ध आहेत. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवर २००४ च्या पॅरालिम्पिकच्या निमित्ताने लिफ्ट बसवण्यात आली. ती नीट चालेना, तेव्हा डिसेंबर २०२० मध्ये नवी लिफ्ट आली. त्याच सुमारास तिथे केलेल्या काँक्रीटच्या वाटांवर मात्र पुरातत्त्व अभ्यासकांनी टीका केली. बोध असा की सुगमता आणि जतन यांचा मेळ घालता येतो, पण घिसाडघाईने काँक्रीट ओतणे हा त्याचा मार्ग नव्हे.

गोवा, तमिळनाडूचा अनुभव काय सांगतो?

गोव्यात जानेवारी २०२३ मध्ये पणजीत अपंगांसाठीचा ‘पर्पल फेस्ट’ पहिल्यांदा झाला आणि देशभरातील अपंग व्यक्ती पर्यटक म्हणून एकत्र आल्या. अशा उत्सवाचा मोठा उपयोग म्हणजे हॉटेलचालक, टॅक्सीचालक आणि प्रशासन यांना हा पर्यटक प्रत्यक्ष भेटतो, त्याच्या अडचणी समजतात.

चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी अडीचशे मीटरहून लांब लाकडी मार्ग खुला झाला. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राच्या लाटेजवळ गेल्याचा आनंद अनेकांनी अनुभवला. जेमतेम पंधरवड्यात मंदौस चक्रीवादळाने त्या मार्गाची मोडतोड केली आणि तो दुरुस्त करावा लागला. उद्घाटनाइतकीच देखभालही महत्त्वाची, हा त्यातला धडा. कुलूप लावलेले अपंगांचे स्वच्छतागृह आणि दुचाक्या लावून अडवलेली उतरण ही दृश्ये आपल्याकडेही नवी नाहीत.

पर्यटन व्यवसायाला यात काय लाभ?

ज्येष्ठांना शाळेच्या सुट्ट्यांशी देणेघेणे नसते. ते आडहंगामात आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रवास करू शकतात, नेमक्या त्याच काळात हॉटेले रिकामी असतात. शिवाय असा पर्यटक सहसा एकटा येत नाही. आजीला जमणार नाही म्हणून सहलच रद्द झाली तर हॉटेल एक पाहुणा गमावत नाही, चार-पाच जणांचे कुटुंब गमावते. राज्यातील प्रवास कंपन्यांनी ज्येष्ठांसाठी स्वतंत्र सहली सुरू केल्या त्या या हिशेबानेच. मात्र त्यांचा खर्च सर्वांना परवडणारा नाही. एसटीने जाणाऱ्या ज्येष्ठाला सार्वजनिक व्यवस्थेवरच अवलंबून राहावे लागते.

प्रवासाआधी कुटुंबाने काय विचारावे?

‘व्हीलचेअर चालेल का?’ या प्रश्नाला हॉटेलवाले बहुधा ‘हो, चालेल’ असेच सांगतात. म्हणून प्रश्न मोजमापाचे हवेत. प्रवेशद्वारापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या? लिफ्ट आहे का आणि तिच्यापर्यंत पोहोचायला पायऱ्या आहेत का? स्नानगृहाच्या दाराची रुंदी किती? साधारण ९० सेंटीमीटर असेल तर व्हीलचेअर सहज आत जाते. कमोड आहे का, शेजारी धरायला दांडा आहे का, न्हाणीचा उंबरठा किती उंच? दाराचा आणि स्नानगृहाचा फोटो मोबाइलवर मागवून घेणे सर्वांत उत्तम. विमानासाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच किंवा किमान ४८ तास आधी नोंदवावी आणि दोघांना गरज असेल तर दोन व्हीलचेअर मागाव्यात. रेल्वेत ज्येष्ठांचे तिकीट वेगळे काढल्यास खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. मात्र मग त्यांचा डबा वेगळा येऊ शकतो, हेही लक्षात घ्यावे.

पुढे काय व्हायला हवे?

सक्तीचे नियम आणि दंड हवेतच. पण त्यांची वाट न पाहता करता येण्याजोगी आणि जवळपास बिनखर्चाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे खरी माहिती देणे. प्रत्येक किल्ला, लेणे, देवस्थान आणि सरकारी पर्यटक निवासाच्या पानावर वाहनतळापासूनचे अंतर, पायऱ्यांची संख्या, कठडा, बाक, स्वच्छतागृह, डोली किंवा व्हीलचेअर मिळते का, एवढे जरी मराठीत लिहिले तरी घरातल्या घरात निर्णय घेता येईल. पायऱ्या मोजायला निविदा काढावी लागत नाही. ही माहिती मोजण्याचे आणि तपासण्याचे काम स्थानिक अपंग व ज्येष्ठांच्या संघटनांकडे दिले तर ती कागदी राहणार नाही.

त्यानंतरचा टप्पा म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात निदान एक स्थळ स्थानकापासून स्वच्छतागृहापर्यंत संपूर्ण साखळीसह सुगम करणे. दहा ठिकाणी अर्धवट उतरणी बांधण्यापेक्षा एका ठिकाणी सगळ्या कड्या जोडल्या तर लोक तिथे खरोखर जाऊ शकतील. जागतिक वारशाच्या निमित्ताने किल्ल्यांवर आता निधी खर्च होणार आहे. आराखडे कागदावर असतानाच कठडा, बाक आणि सपाट वाट यांचा विचार झाला तर तो खर्च किरकोळ असतो. बांधकाम झाल्यावर तोडफोड करून तीच सोय करायची तर ती महाग पडते आणि बहुधा राहूनच जाते. त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांत होणारी कामेच पन्हाळा किंवा रायगड कुणाला पाहता येईल हे ठरवतील.